परदेशची आगगाडी आणि घरचा हिशेब

पूर्वीच्या काळी आमच्यासारख्या घरांतून कोणी परदेशी जावयास निघाला, म्हणजे प्रश्न उभा राही तो समुद्रोल्लंघनाचा. परत आल्यावर त्याला पंक्तीस घ्यावयाचे की नाही, प्रायश्चित्त कोणते, आणि ते सांगणारा शास्त्री कोण, याचा खल माजघरापासून मठापर्यंत चाले. आता काळ पालटला. पुतण्या म्यूनिकला, भाची सिंगापुरास आणि शेजाऱ्यांचे जावई टोरांटोला, अशी स्थिती झाल्यामुळे समुद्राचा दोष कधीच धुऊन गेला आहे. परंतु दोष गेला म्हणून अडचण गेली, असे मात्र नव्हे. शास्त्रार्थाच्या आसनावर आता हिशेब येऊन बसला आहे. आणि शास्त्री एक वेळ दक्षिणेने वळत असे, हिशेब काही केल्या वळत नाही.

या हिशेबात विमानाच्या भाड्याची चर्चा घरोघर होते. कोणत्या महिन्यात ते उतरते, मुंबईहून जावे की दिल्लीहून, हे आता शाळेतल्या मुलांसही ठाऊक असते. परंतु विमानातून उतरल्यावर एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे ते बहुधा आगगाडीने, आणि त्या भाड्याकडे मात्र निघण्याच्या दिवसापर्यंत कोणाचे लक्ष नसते. 'तिकडे गेल्यावर काढू' असे म्हणून जो तो निर्धास्त असतो. हा निर्धास्तपणा किती महाग पडू शकतो, आणि थोडी खटपट केल्यास तोच प्रवास किती थोडक्यात होतो, हे आम्हांस 2025 च्या उन्हाळ्यात म्यूनिकच्या प्रवासाची तयारी करताना पाहावयास मिळाले. ज्या घरांत असाच बेत शिजत असेल त्यांस उपयोग व्हावा, म्हणून ते येथे लिहीत आहो.

या निर्धास्तपणाचे मूळ आमच्या मते आमच्या गावच्या रुळांत आहे. अंजनगाव सुर्जी हे सातपुड्याच्या पायथ्यालगतचे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते 30 डिसेंबर 1803 रोजी शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे येते, बाजारात ते विड्याच्या पानांमुळे ओळखले जाते, आणि आमच्या पिढीच्या मनात मात्र ते मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद रुळांच्या गाडीचे एक स्टेशन आहे. वऱ्हाडातील कापूस बाहेर नेण्यासाठी एका इंग्रज कंपनीने हा मार्ग घातला. 'शकुंतला' हे लाडके नाव तिला पुढे मिळाले. 1921 साली मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन 1994 च्या एप्रिलपर्यंत धावत होते, आणि 76 किलोमीटरांचा हा मार्ग कापावयास ती चार-चार तास घेत असे. आज ती गाडी बंद आहे. परंतु तिने आम्हांस लावलेली सवय बंद झालेली नाही. तिचा नियम सरळ होता: जेवढे अंतर तेवढे भाडे. महिनाभर आधी ठरवा, की गाडीने शिट्टी दिल्यावर धोतराचा सोगा सावरीत खिडकीशी धावा, मूर्तिजापूरचे भाडे एकच. पुठ्ठ्याचे लहानसे तिकीट, त्यावर छापलेला आकडा, आणि त्या आकड्यापुढे रावरंक समान.

आपल्याकडे आजही बव्हंशी हाच नियम चालतो. सप्टेंबर 2016 पासून राजधानी, शताब्दी व दुरंतो या गाड्यांत जागा भरतील तसतसे भाडे चढविण्याची पद्धत आली खरी. परंतु तेथेही ठरावीक मर्यादेवर ती थांबते. आपल्या प्रवाशाला चिंता असते ती जागा मिळेल की नाही याची. भाडे किती पडेल याची नव्हे.

युरोपातील बहुतेक मोठ्या रेल्वेंचे लांब पल्ल्याचे व्यवहार याच्या अगदी उलट चालतात. तेथे जागा बहुधा मिळते; प्रश्न असतो तो भाड्याचा. आणि हे भाडे केवळ अंतरावर ठरत नाही. तुम्ही तिकीट केव्हा विकत घेता, कोणत्या वारी व कोणत्या वेळी जाता, आणि बेत बदलण्याचा हक्क स्वतःकडे ठेवता की सोडून देता, या तिन्हींवर ते ठरते. एकाच गाडीच्या एकाच डब्यात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या तिप्पट पैसे मोजलेले असू शकतात, आणि दोघांनाही खिडकीतून दिसणारा डोंगर तोच असतो. जर्मनीत या सवलतीच्या तिकिटास 'श्पारप्राइस' म्हणतात. ऑस्ट्रियात त्याला निराळे नाव आहे. स्वित्झर्लंडात साधे तिकीट अजून अंतरावरच मिळते, परंतु त्याच्या जोडीला ठरावीक गाडीचे आगाऊ तिकीट सत्तर टक्क्यांपर्यंत सवलतीने विकतात. नावे निरनिराळी असली तरी तत्त्व एकच. 'मी अमुक दिवशी, अमुक गाडीने येईन' असा शब्द रेल्वे तुमच्याकडून घेते, आणि त्या शब्दाबद्दल भाड्यात सूट देते.

हे तत्त्व आम्हांस कळले ते एका घरगुती अडचणीतून. म्यूनिकला जावयाची मंडळी आठ होती: आम्ही, आमचे कुटुंब, आमच्या काकू, चिरंजीव व सूनबाई, नऊ वर्षांचा नातू, पाच वर्षांची नात, आणि धाकट्या बंधूंची कन्या. तिचा वडील भाऊ म्यूनिकला नोकरीस आहे, त्यानेच आग्रहाने बोलावले होते. मुक्काम त्याच्या घरी, म्हणजे राहण्याचा खर्च थोडा. विमानाची भाडी कळलेली होती. राहिला तो तिकडे हिंडण्याचा खर्च. म्यूनिक पाहावयाचे, तेथून व्हिएन्नास जाऊन यावयाचे, आणि दुसऱ्या खेपेस झुरिकवरून लुसर्नचे सरोवर पाहून परतावयाचे, असा बेत होता. एका प्रवासी कचेरीने याचा अंदाज करून धाडला. त्यात सहाही मोठ्यांना सात-सात दिवसांचे युरोपभर चालणारे पास लावलेले होते. आकडा वाचून झाल्यावर माजघरात शांतता पसरली.

अशा शांततेत एकत्र कुटुंबात पुढे काय घडते, हे वाचकांस सांगावयास नको. 'तू राहा' असे कोणी कोणास म्हणत नाही. म्हणावे लागतच नाही. काकू ओट्यापाशी होत्या. त्यांनी मागे वळून न पाहताच म्हटले, "मी राहते न घरी. देवाचे कोण करील? आणि या वयात मला कशाला ती दगदग?"

काकूंचे वय चौऱ्याहत्तर. काका जाऊन तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत घर रामेश्वरास गेले, काश्मीरला गेले, नात्यातल्या लग्नांना इंदूर-ग्वाल्हेरला गेले. आणि प्रत्येक वेळी दोन माणसांचा खर्च जास्त होतो असे दिसताच काकूंना देवाची आठवण झाली. त्यांची ही भक्ती खर्चाच्या आकड्याबरोबर कशी वाढते, हे घरातील कोणाच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. परंतु ते ध्यानात येऊनही सर्वांना सोयीचे होते. या खेपेस मात्र पुतणीने तो कागद उचलला आणि म्हणाली, "काका, हा आकडा मला आठ दिवस द्या." ती अमरावतीस अभियांत्रिकी शिकते. वय बावीस. आठ दिवसांनी तिने आमच्यापुढे जी वही ठेवली, तिच्यातील मुख्य गोष्टी पुढे देत आहो.

पहिली गोष्ट क्रमाची. स्वस्त तिकीट बहुधा परत करता येत नाही. आणि प्रवेशपरवाना, म्हणजे व्हिसा, मिळेलच असे कोणी हमी देऊन सांगत नाही. तेव्हा आधी तिकिटे काढून मग परवान्याची वाट पाहणे म्हणजे वाङ्निश्चयाआधी मांडव घालण्यासारखे होय. शेंगेन देशांच्या परवान्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि साधारणतः पंधरा दिवसांत निर्णय मिळावा असा नियम आहे. गर्दीच्या दिवसांत अधिक काळ लागतो, आणि अर्जासाठी वेळ मिळावयासही थांबावे लागते. जून 2024 पासून त्याची फी मोठ्या माणसास 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलास 45 युरो, आणि सहा वर्षांखालील मुलास काहीच नाही. आमच्या घराचे 585 युरो झाले. हा खर्च टळत नाही. परंतु अर्ज लवकर केल्यास परवाना लवकर हाती येतो, आणि तो हाती आल्याबरोबर त्याच दिवशी रेल्वेची तिकिटे काढिली, तर स्वस्त जागा शिल्लक असतात. लवकर अर्ज करणे हीच अशा रीतीने पहिली काटकसर ठरते.

दुसरी गोष्ट पासाची. युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी 'युरेल' नावाचा पास 1959 पासून मिळतो. महिन्याभरात कोणतेही चार, पाच किंवा सात दिवस, अथवा दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा दिवस, असे त्याचे प्रकार आहेत. साठ वर्षांवरील माणसांस थोडी सवलत आहे, सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांस त्याहून बरी आहे, आणि एका मोठ्या माणसाबरोबर चार ते अकरा वर्षांची दोन मुले फुकट जातात. ऐकावयास हे फार गोड वाटते. परंतु पास विकतो ती वस्तू भाड्याची सूट नव्हे. तो मोकळीक विकतो. सकाळी उठून 'आज पाऊस आहे, तेव्हा दक्षिणेस जाऊ' असे म्हणण्याची मोकळीक ज्याला खरोखर वापरावयाची आहे, रोज नवे गाव गाठावयाचे आहे, त्याला पास फायद्याचा. शिवाय फ्रान्सच्या व इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे निराळे पैसे भरावे लागतात, ते विसरून चालत नाही. आम्हांस चारच लांब प्रवास करावयाचे होते, आणि आठ माणसांच्या कुटुंबात सकाळी उठून दक्षिणेस जाण्याचा निर्णय दुपारच्या जेवणापर्यंतही होत नाही, हे सांगावयास नकोच. जी मोकळीक आपल्याच्याने वापरवणार नाही तिचे पैसे कशास मोजावयाचे? पासाचा मोह येथेच गळून पडला.

जपानास जाऊ इच्छिणाऱ्यांनीही हा विचार अवश्य करावा. तेथील रेल्वेचा सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनांवरून एकदम 50,000 येनांवर गेला. टोकियोहून क्योतोचे वेगवान गाडीचे एका बाजूचे भाडे सुमारे 14,000 येन पडते. तेव्हा नुसते क्योतोस जाऊन परत येणाऱ्याला साधी तिकिटेच कितीतरी स्वस्त. तरीही 'जपानला गेलात की आधी पास घ्या' हा जुना उपदेश अजून एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जात असतो. ज्याने तो केला त्याच्या वेळी तो खरा होता, एवढेच.

तिसरी गोष्ट लहान मुलांची. जर्मनीत सहा वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. सहा ते चौदा वर्षांचे मूल लांब पल्ल्याच्या गाडीत आईबापांबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर फुकट जाते. मात्र तिकीट काढतानाच त्याची नोंद करावी लागते, मागाहून नाही. स्वित्झर्लंडात परदेशी पाहुण्यांसाठी महिनाभर चालणारे अर्ध्या भाड्याचे कार्ड मिळते. त्याच्या जोडीला मुलांचे जे फुकट कार्ड देतात, त्याला मात्र आई किंवा बाप बरोबर असावा लागतो. नुसती आजी चालत नाही. आमच्या कुटुंबास हा नियम वाचून राग आला. नातवाला जन्मापासून न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईला स्विस रेल्वे कुटुंबात धरीत नाही, ही गोष्ट तिला काही केल्या पटेना. तथापि चिरंजीव व सूनबाई बरोबर असल्यामुळे काम अडले नाही. ब्रिटनमध्ये या बाबतीत मन मोठे आहे. तेथे 'कुटुंब व मित्रमंडळी' या नावाचे वर्षाचे कार्ड काढले, की चार मोठी माणसे व चार मुले एकत्र जाऊ शकतात, मोठ्यांना एक-तृतीयांश सूट व मुलांना साठ टक्के सूट मिळते, आणि नाते कोणी विचारीत नाही. अट एवढीच की बरोबर एक तरी मूल असले पाहिजे.

चौथी गोष्ट जवळच्या प्रवासाची, आणि आम्हांस ती सर्वांत मोलाची वाटली. स्वस्त आगगाडी प्रवासाचा इतिहासच मुळी समुदायाचा आहे. 5 जुलै 1841 रोजी टॉमस कुक या गृहस्थाने इंग्लंडातील लेस्टर गावाहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसे माणशी एक शिलिंगात नेऊन आणिली, आणि तेथूनच हौशी प्रवासाचा धंदा उभा राहिला. अनेक माणसांनी एका गाडीने जावयाचे कबूल केल्यास प्रत्येकाचे भाडे उतरते, हे त्याने ताडले. बव्हेरिया प्रांतातील दिवसाचे तिकीट आजही याच न्यायाने चालते. पहिल्या माणसाचे काही भाडे, आणि पुढे पाच माणसांपर्यंत प्रत्येकामागे थोडी थोडी भर. वेगवान गाड्यांत ते चालत नाही. प्रांतातील साध्या गाड्यांत दिवसभर चालते, आणि ऑस्ट्रियाच्या हद्दीतील साल्झबुर्गपर्यंतही चालते. कामाच्या दिवशी मात्र सकाळी नऊनंतरच निघावे लागते. एकट्या प्रवाशाला यात विशेष लाभ नाही. पाच जणांना मात्र आपल्या गावच्या एस. टी.च्या भाड्याची आठवण व्हावी इतके ते हलके पडते. आयुष्यात प्रथमच मोठे कुटुंब असण्याबद्दल कोणी आम्हांस सूट दिली. येथे तर जागेचे, हॉटेलचे, मोटारीचे जे ते आमची संख्या ऐकून भाव वाढविते.

याच जातीचे आणखी एक तिकीट जर्मनीत आहे, ते साऱ्या देशातील साध्या गाड्या, ट्रॅम व बसगाड्या यांना महिनाभर चालते. मे 2023 मध्ये ते 49 युरोस निघाले, 2025 मध्ये 58 युरो झाले आणि 2026 च्या आरंभापासून 63 युरो. पाहुण्यालाही ते घेता येते. परंतु ते वर्गणीसारखे असल्यामुळे त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत बंद केल्याचे कळविले नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप वजा होतात. ज्याचा मुक्काम मोठा, व ज्याला सावकाश गाड्यांचा कंटाळा नाही, त्याच्यासाठी यासारखे दुसरे नाही. 'शकुंतले'त बसलेल्या माणसाला सावकाश गाडीचे भय ते काय!

पाचवी गोष्ट तिकिटाच्या अटींची. अगदी स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेले असते. आपल्या दोषाने गाडी चुकली तर पैसे बुडाले. परंतु एका तिकिटावर दोन गाड्या असतील, आणि पहिली उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर हे बंधन सुटते व पुढच्या गाडीने जाता येते. म्हणून दोन टप्प्यांची निरनिराळी तिकिटे काढून दोन युरो वाचविण्यापेक्षा शेवटपर्यंतचे एकच तिकीट काढणे शहाणपणाचे. युरोपीय नियमाप्रमाणे तासाभराहून अधिक उशीर झाल्यास भाड्याचा चौथा हिस्सा, आणि दोन तासांहून अधिक झाल्यास निम्मे भाडे मागता येते. तसेच म्यूनिकहून व्हिएन्नास जाणाऱ्या एकाच गाडीचे तिकीट जर्मन रेल्वे व ऑस्ट्रियन रेल्वे या दोघीही विकतात, आणि दोघींचे भाव नेहमी सारखे असतातच असे नाही. तेव्हा दोन्ही दुकाने पाहून घ्यावीत. मध्यस्थाकडे मात्र त्यावर हाताळणीचे पैसे पडतात. स्वस्त तिकिटात बसावयाची जागा राखीव असतेच असेही नाही. लहान मुले व वृद्ध माणसे बरोबर असता ती निराळे पैसे देऊन राखावी. आम्ही गेलो तेव्हा कुटुंबाला एकत्र जागा राखण्याची स्वस्त सोय जर्मन रेल्वेत होती. आमच्या पाठोपाठ, जून 2025 मध्ये, ती बंद झाली.

सहावी गोष्ट पंचांगाची. आपण मुहूर्त पाहून निघतो. तेथे मुहूर्त टाळून निघावे. त्या वर्षी 29 मे रोजी, गुरुवारी, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण होता. असा सण गुरुवारी आला, की शुक्रवारची रजा जोडून अर्धी जर्मनी प्रवासाला निघते, आणि त्या दोन-तीन दिवसांची भाडी चढतात. पुतणीने आमचा व्हिएन्नाचा प्रवास त्या आठवड्यातून उचलून आधीच्या मंगळवारी ठेविला. गाडी तीच, आणि भाडे पुष्कळच कमी.

वही वाचून झाल्यावर बैठक बसली. तीत एक अनपेक्षित गोष्ट निघाली. स्वस्त तिकिटे काढावयाची तर तारखा आजच ठरवाव्या लागणार, आणि नंतर बदलता येणार नाहीत. हे ऐकताच घरातील एकेक कर्ता पुरुष कचरू लागला. चिरंजीवांच्या रजेचे अजून नक्की नव्हते. आम्हांस पेन्शनरांच्या सभेची तारीख आठवली. सूनबाईंच्या माहेरी एक मुंज ठरावयाची होती. "आणि एखादे वेळी गाडी चुकली तर?" असे कोणीतरी विचारले. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या काकू म्हणाल्या, "अरे, पण गाडी चुकवायचीच कशाला?"

या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते. काकू शकुंतलेच्या काळच्या. गाडी अकराची असली तर त्या दहाला स्टेशनवर बोचक्यावर बसलेल्या असत. इंजिनाचा धूर दिसला की उठत. उशीर करावा तो गाडीने, आपण नव्हे, असा त्यांचा नेम. पुतणीने आपल्या वहीत पाहिले आणि हसून म्हणाली, "काका, या तिकिटाला अगदी काकूआजींसारखा माणूस लागतो. बेत न बदलणारा, वेळेच्या आधी पोचणारा, आणि सामान थोडे." खर्चाचे ओझे म्हणून ज्यांचे नाव आपोआप गळत होते, त्याच या स्वस्त प्रवासाला सर्वांत योग्य निघाल्या, आणि ज्यांच्यासाठी महागडी मोकळीक घ्यावी लागली असती, ते आम्ही बाकीचे.

मग सर्वांनी आपापले शब्द बांधून घेतले. पेन्शनरांच्या सभेने आमच्यावाचून आपले काम भागविले. चिरंजीवांची अडचण खरी होती, म्हणून त्यांचे झुरिकहून परतीचे एकच तिकीट बदलता येण्याजोगे, थोडे महाग, असे काढिले. मोकळीक जेथे खरोखर लागते तेथे ती विकत घ्यावी, यात उधळेपणा नाही. पुतणी मंडळी परतल्यावर आणखी पंधरा दिवस भावापाशी राहून हिंडणार होती, तिच्यासाठी मात्र तरुणांचा पासच घेतला, कारण तिला रोज नवे गाव पाहावयाचे होते. अशा रीतीने कोणास आगाऊ तिकीट, कोणास पास, कोणास दिवसाचे तिकीट असे मिश्रण करून, आठही जणांचा रेल्वेचा खर्च प्रवासी कचेरीच्या आकड्याच्या निम्म्याच्या आत बसला. काकूंचे नाव यादीत राहिले. देवाचे शेजारच्या जोशीबुवांनी केले, आणि देवांची काही तक्रार ऐकू आली नाही.

व्हिएन्नाच्या गाडीत काकू खिडकीशी बसल्या होत्या. साल्झबुर्ग मागे पडल्यावर हिरवी कुरणे आणि त्यांत चरणाऱ्या गाई बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "इकडे उन्हाळा नसतोच का रे?" आमच्या गावी त्या दिवशी पारा पंचेचाळिसाच्या घरात होता. नंतर त्यांनी डब्यातले दशमी-चटणीचे जेवण काढले, आठांचे आठ वाटे केले, आणि नेहमीप्रमाणे स्वतःचा वाटा लहान ठेविला. नात ते पाहत होती. तिने आपल्यातली अर्धी दशमी उचलून काकूंच्या हातावर ठेविली.

परदेशी रेल्वेचे नियम दरसाल बदलतात. येथे दिलेले आकडे पुढच्या वर्षी तसेच राहतील असे समजून कोणी चालू नये. निघण्यापूर्वी त्या त्या रेल्वेकडे पाहून घ्यावे. परंतु एक गोष्ट बदलण्याजोगी नाही, आणि ती रेल्वेची नसून आपल्या घरांची आहे. एकत्र कुटुंबात काटकसरीची वेळ आली, की ती आकड्यांवर पडण्याऐवजी माणसांवर पडते. आणि माणसांतही जो सर्वांत कमी बोलतो, त्याच्यावर. आपण तिला त्या माणसाची समजूतदारी म्हणतो व तिची वाखाणणी करतो. भाड्याचे नियम आठ दिवस बसून वाचणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि काकूंना घरी ठेवणे हे सोपे. म्हणूनच आपल्या घरांत दुसरे इतक्या वेळा घडते. ज्या घरात पुढचा बेत ठरत असेल, तेथील तरुण मुलामुलींनी यादीतून नाव कमी होण्यापूर्वी वही उघडावी, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांस आठ दिवसांची मुदत द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.